निरगुडे सरांचा उजव्या सोंडेचा गणपती

माणूस वाईट होता असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! दोन शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळी झाले असते. पण धनराज निरगुडे नावाचे आमचे ड्रॉइंगचे सर वाईट नव्हते, हीच तर माझी पंचाईत आहे.

पंचवटीतल्या त्या शाळेत मी लागले तेव्हा सरांचे कानांवरचे केस पांढरे झाले होते. मूळचे लासलगावचे. वडील पेंटर. कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवर मालकाचं नाव, ‘आईचा आशीर्वाद’, मोर, कमळं असलं सगळं रंगवायचे. सरांचा हात त्या ट्रॉल्यांवरच बसला. रोज शाळा भरायच्या आत ते दारासमोरच्या फळ्यावर सुविचार लिहायचे, आणि अक्षर असं की दुसऱ्या दिवशी पुसायची पाळी आली की शिपाईसुद्धा हळहळायचा. शर्टाच्या खिशाला कायम कुठला ना कुठला रंग लागलेला. त्यावरून लंकावहिनी, म्हणजे त्यांची बायको, रोज डोकं फोडून घ्यायच्या. सर एरवी शुद्ध बोलायचे, पण खूश झाले की लासलगाव बाहेर यायचं. “लय भारी हाय!” म्हणायचे आणि स्वतःच लाजायचे. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेवरचा गणपती दरवर्षी त्यांच्याच हातचा असायचा. त्याचा त्यांना फार अभिमान होता.

मी ज्योत्स्ना भोये, हरसूलची. नाशकात वसतिगृहात राहून शिकले, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, आणि शाळेनं नवी लॅब काढली तेव्हा तिथे तासिका तत्त्वावर लागले. तासिका तत्त्वावर म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार, आणि ‘उद्यापासून येऊ नका’ हे कधीही ऐकायची तयारी. पण त्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांनी, सगळे त्यांना दादासाहेब म्हणत, मुख्याध्यापकांकडून निरोप दिला होता: संमेलन पार पडू दे, मग भोये मॅडमना कायम करून टाकू. माझा जीव त्या एका शब्दावर टांगलेला होता. आमच्या घरात महिन्याचा पगार आणणारी मी पहिली. आई हरसूलच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटली होती की आमची ज्योती नाशकात पक्की होणार हाय.

लॅब म्हणजे काय, तर जुन्या प्रयोगशाळेत मांडलेले सहा-सात डबे, त्यातले दोन रुसलेले. जोडीला एक स्कॅनर, त्याच्यावर मी पोरांना बोटसुद्धा ठेवू द्यायचे नाही. आठवीच्या पोरांना मी पेंटमध्ये चित्रं उलटवायला शिकवायचे. घरून फोटो आणायचा, स्कॅन करायचा, मग ‘फ्लिप हॉरिझॉन्टल’. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. पोरांना वाटायचं झालं, संपलं. मी म्हणायचे, “थांबा, गधड्यांनो! आता चोर पकडा.” मग पोरं शोधायची. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उलटी झाली, आजोबांचं घड्याळ उजव्या मनगटावर गेलं, आईचा पदर उजव्या खांद्यावर आला. एका पोराच्या मामाच्या शर्टाची बटणं बायकांसारखी लागली, तेव्हा वर्गात असा हशा पिकला की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर भांडायला आले. मीही भांडले. मी भांडणारीच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तो हशा ऐकूनच एक दिवस निरगुडे सर दारात येऊन उभे राहिले. पोरं गेल्यावर आत आले आणि इकडे तिकडे बघत म्हणाले, “ताई, मला शिकवाल का? पण कुणाला सांगायचं नाही.”

मला हसू आलं. “त्यात लपवायचं काय, सर?”

“तुम्हाला नाही कळायचं. इतकी वर्षं पोरांना चित्रं शिकवली. आता त्या खोक्यासमोर अडाण्यासारखा बसलो तर स्टाफरूममध्ये मला सळो की पळो करून सोडतील. आधीच म्हणतात, निरगुड्या, तुझा कुंचला आता म्यूझियममध्ये ठेवू.”

त्यांचा आवाज असा काही झाला की मी तिथल्या तिथे शब्द दिला. शाळा सुटली की लॅबचं दार आतून लोटून घ्यायचं आणि शिकायचं. पहिल्या दिवशी त्यांनी माऊस उचलून टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्यावर रोखला होता. मी पोट धरून हसले, तेही हसले. त्यांचा हात कागदावर एवढा पक्का, पण त्या माऊसवर नुसता थरथरायचा. मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवून रेघ ओढून घेतली, पहिलीच्या पोराकडून ‘ग’ गिरवून घ्यावा तशी. महिन्याभरात सर तयार झाले. कापायचं, चिकटवायचं, उलटवायचं, डाग पुसायचे, सगळं. स्वतःचं एक चित्र स्कॅन करून आडवं उलटवलं तेव्हा टाळी वाजवून ओरडले, “लय भारी हाय हे, ताई! रेघ माझीच, पण मी कधी काढलीच नाय!” वहिनींनी माझ्यासाठी डब्यातून कांद्याची भजी पाठवली. माझा मोठा भाऊ असता तर असाच असता, असं मला तेव्हा वाटायचं. खरंच वाटायचं हो.

मग संमेलनाची पत्रिका आली.

सरांनी गणपती काढला, देखणा. मान जरा डावीकडे वळवलेली. मुख्याध्यापकांनी कच्ची पत्रिका बघितली आणि म्हणाले, “निरगुडे, हे कसं चालेल? दादासाहेबांचा फोटो उजवीकडे आणि गणपती तोंड फिरवून बसलाय!” फोटो डावीकडे घ्या म्हटलं तर तेही चालेना, कारण दरवर्षी तो उजवीकडेच असतो. आता बोला! देवानं अध्यक्षांकडे बघितलंच पाहिजे.

संध्याकाळी सर लॅबमध्ये आले ते खुशीतच. “त्यात काय, ताई, उलटवतो की!” स्वतःच स्कॅन केलं, स्वतःच उलटवलं. मी शेजारी उभी होते. माझी नजर सवयीनं आधी चोर शोधायला गेली आणि माझ्या तोंडून निघालं, “सर, सोंड बघा.”

सोंड उजवीकडे गेली होती. डाव्या सोंडेचा गणपती घरोघरी चालतो. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक, त्याचं सोवळंओवळं नीट झालं नाही तर तो कोपतो, असं मानतात. सहसा कुणी तो घरात ठेवायला धजत नाही. आणि सोंडेबरोबर जानवंही उजव्या खांद्यावर गेलं होतं. तसं जानवं श्राद्धाच्या वेळी घालतात. शुभकार्याच्या पत्रिकेवर श्राद्धाचं जानवं!

सरांनी कपाळावर हात मारला. “अरे देवा! बरं झालं बाई तुम्ही बघितलंत. मी तर तोंड कुठे वळतंय तेवढंच बघत होतो. राहू द्या, मी घरी नवा काढतो, तोंड इकडे आणि सोंड डावीकडे.”

दुसऱ्या दिवशी मला हरसूलला जायचं होतं. माझ्या धाकट्या भावाला, बहिरूला, मुलगी बघायची होती. सर म्हणाले, “लॅबची किल्ली देऊन जा, नवा काढला की स्कॅन करून प्रेसला देतो.” किल्ली दुसऱ्या कुणाला द्यायची नाही असा नियम होता. पण सरांना नाही म्हणायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

चार दिवसांनी परत आले तर पत्रिका छापून, पाकिटात घालून, गावभर वाटूनही झाल्या होत्या. मी पाकीट उघडलं. तोच गणपती. मी तडक ड्रॉइंगच्या वर्गात गेले. “सर, हे काय?”

“हेड मागे लागले हो, आजच पाहिजे म्हणून. काढायला वेळच नाही मिळाला.” मग माझी समजूत घातल्यासारखं म्हणाले, “कोण एवढं बघतंय, ताई!”

दादासाहेबांच्या आईनं बघितलं. झुंबरबाई त्यांचं नाव, वय झालेलं, पण नजर सुईत दोरा ओवेल अशी. पत्रिका हातात घेतली आणि तशीच पाटावर ठेवून हात जोडले म्हणे. घरात ठेवता येईना, टाकता येईना. आणि नेमकं संमेलनाच्या दिवशी दादासाहेब बक्षीस वाटून उतरताना स्टेजच्या पायरीवरून घसरले आणि पाय मोडला. पायरीवर कुणी तरी सरबत सांडलं होतं, ते मी स्वतः बघितलंय. पण सरबताला कोण विचारतो? झुंबरबाईंनी सांगून टाकलं की हा कोप आहे, आणि गणपती कुणी फिरवला त्याला समोर आणा. लोक पत्रिका परत आणून द्यायला लागले. शाळेच्या ऑफिसात ढीग लागला आणि त्या ढिगाला शिवायला क्लार्क तयार होईना.

मला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं. संस्थेची माणसं बसली होती, दादासाहेब पाय प्लास्टरमध्ये घालून खुर्चीत, आणि कोपऱ्यात निरगुडे सर. मी मनात म्हटलं, चला, सर आहेत, ते सांगतील. शपथ घेऊन सांगते, मला जराही भीती वाटली नव्हती.

“हे कॉम्प्युटरवर केलं कोणी?” दादासाहेबांनी विचारलं.

मी सरांकडे बघितलं. सर जमिनीकडे बघत होते. मी वाट बघितली. 

“चित्र माझं,” शेवटी सर म्हणाले. “पण मी काढलं तेव्हा सोंड डावीकडेच होती. हा बघा मूळ कागद.”

आणि त्यांनी कागद पुढे केला. बरोबर घेऊन आले होते! घरून निघतानाच ठरवून आले होते म्हणजे! माझ्या कानशिलातून गरम वाफा निघाल्या.

“सर, खरं बोला!” मी ओरडले. “तुम्ही उलटवलंत. मी तर हरसूलला होते. किल्ली तुमच्याकडे होती.”

“किल्ली होती, तुम्ही करून ठेवलेलं प्रेसला द्यायला,” सर म्हणाले, अगदी मऊ आवाजात. “पण मला कॉम्प्युटर कुठे येतो?”

खोलीतले सगळे माना डोलवायला लागले. कारण कुणालाच माहीत नव्हतं ना! लोटलेल्या दाराआड आम्ही दोघंच होतो, आणि कुणाला सांगायचं नाही असा शब्द मीच दिला होता. तो मी असा पाळला होता की माझ्या आईलासुद्धा बोलले नव्हते.

मी काय ऐकून घेणार! “चला लॅबमध्ये,” म्हटलं. “बसवा यांना मशीनसमोर. आत्ता कळेल येतो की नाही.”

सगळी वरात लॅबमध्ये निघाली, दादासाहेबांना खुर्चीसकट उचलून. मी मशीन चालू केलं. सर खुर्चीत बसले. मला वाटलं, आता हा हात खोटं बोलणार नाही. या हाताला मी शिकवलंय.

त्यांनी माऊस उचलला आणि पडद्यावर रोखला.

पहिल्या दिवशी रोखला होता तसाच. मग आमच्याकडे बावळटासारखं बघून हसले. कुणी तरी मागून म्हणालं, “अहो सर, तो खाली ठेवतात,” आणि सगळे हसले.  सर खोटं बोलले ते मी एक वेळ समजू शकले असते, घाबरला माणूस. पण ज्या गोष्टीवर आम्ही दोघं पोटभर हसलो होतो, तीच त्यांनी माझा गळा दाबायला वापरली. याला काय म्हणायचं? सांगा ना, काय म्हणायचं?

आणि तेवढ्यावर थांबले असते तरी पुरे होतं. नाही! सर उठले आणि दादासाहेबांपुढे हात जोडले. “साहेब, पोरगी मनानं चांगली आहे. मुद्दाम नाही केलं तिनं. ती डोंगराकडची. त्यांच्यात गणपती बसवत नाहीत, हे डावं-उजवं त्यांना ठाऊक नसतं. अजाणतेपणी झालं. पदरात घ्या.”

त्या खोलीत ‘सोंड बघा’ म्हणणारी मी होते. आमच्या घरी वाघदेवाला नारळ फोडतात, गणपती बसत नाही, हे खरं आहे. पण डावं काय आणि उजवं काय, हे त्या शाळेत मीच तर शिकवत होते! आणि आता ती सगळी माणसं माझ्याकडे दयेनं बघायला लागली. मला त्यांचा राग चालला असता. ती दया मला आजही सोसत नाही. मी जे बोलायला लागले ते कुणाच्या कानात शिरलं नाही. ‘बघा, वर तोंड करून बोलते’ एवढंच शिरलं. दादासाहेबांनी हात वर केला आणि मुख्याध्यापकांनी मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

आईला सांगायला हरसूलला गेले.  ती चुलीपुढे बसून नागलीची भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, “तो मास्तर, ज्याच्या बायकोनं भजी धाडलेली, तोच का?” मी हो म्हटलं. आईनं तव्यावरची भाकरी करपू दिली, एवढं मला आठवतं.

पुढे काय, पोटाला विश्रांती नसते. त्र्यंबक रोडला एका गाळ्यात मी स्वतःचा कॉम्प्युटर क्लास काढला. चालला, चांगला चालला. शाळेच्या बातम्या कानावर यायच्या. माझ्या जागी माणूस मिळेना तेव्हा निरगुडे सर सुट्टीत कुठलंसं शिबिर करून आले आणि पंधरवड्यात ‘शिकले’. या वयात एवढी जिद्द, म्हणून त्यांचा सत्कार झाला. लॅब त्यांच्याकडे गेली. मी ऐकलं आणि त्या दिवशी क्लासमध्ये पोरांवर विनाकारण खेकसले. एकदा रविवार कारंज्यावर सर समोरून येताना दिसले. मला बघितलं आणि गर्दीत वळून निघून गेले. मी घरी येऊन रडले, पण मनाला जरा बरंही वाटलं. म्हटलं, तोंड लपवतोय. टोचतंय त्याला. टोचू दे! जन्मभर टोचू दे!

त्या टोचण्यावर मी कितीतरी वर्षं काढली. राग आला की मनातल्या मनात त्यांना समोर उभं करायचे आणि ते मान खाली घालायचे. मी काय काय बोलायचे ते सगळं पाठ होऊन गेलं होतं.

आणि मग एका उन्हाळ्यात, दहावीच्या परीक्षा संपल्या होत्या, सर माझ्या क्लासच्या दारात उभे राहिले. केस पार पिकलेले, बरोबर त्यांची मुलगी, पूजा. मी खुर्चीवरून उठलेसुद्धा नाही.  आता माफी मागणार, मी मनात म्हटलं, मुलीच्या देखत मागणार.

“ताई, ओळखलंत का?” सर तोंडभर हसले. “पूजे, नमस्कार कर. आमच्या शाळेत होत्या या. म्हटलं, नाशकात शिकायचं तर भोये मॅडमकडेच. फोटोचं काम यांच्यासारखं कुणाला येत नाही.”

 सर खुर्ची ओढून बसले, घाम पुसला, आणि मुलीला सांगायला लागले, “यांच्या हातून एकदा एक चूक झाली होती. लय मोठं प्रकरण झालं. दादासाहेब यांना अनुभवाचा दाखलासुद्धा देणार नव्हते. मी हात जोडले. म्हटलं, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न हाय. तेव्हा कुठे निभावलं. आईला विचार तुझ्या, दोन दिवस जेवलो नव्हतो मी.”

आणि माझ्याकडे बघितलं. आता मी काही तरी चांगलं बोलेन, अशी वाट बघत होते ते.

“सर,” मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. “तो गणपती कोणी उलटवला होता?”

सर विचारात पडले. नाटक नव्हतं ते. कपाळाला आठ्या घालून खरोखर आठवत होते.

“आता ते कुठलं आठवायला, ताई,” ते म्हणाले. “पण लॅब तुमच्याकडेच होती ना? मला तर तेव्हा कॉम्प्युटर येत नव्हता.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. हा माणूस खोटं बोलताना कसा दिसतो ते मी बघितलंय, जमिनीकडे बघतो. आता तो सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता. इतकी वर्षं मी एकाच गोष्टीवर तग धरला होता, की जगात आणखी एका माणसाला तरी खरं काय ते माहीत आहे. तो माणूस माझ्यासमोर बसला होता आणि त्याला ते माहीत नव्हतं. पाठ केलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी, भांडणारी बाई, तोंड उघडून बसले आणि भांडायचं कुणाशी तेच कळेना.

पूजानं वाकून नमस्कार केला. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, बिचारीला.

“मॅडम, उद्यापासून येऊ ना?”

“ये,” मी म्हटलं.